दाभणबाईची गाठ

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ती बाई एकतीस वर्षं रोज सकाळी पावणेदहाला ती चढत होती, आणि चढताना पायऱ्यांवर बसलेल्या पक्षकारांवर खेकसत होती. "वाट सोडा. घरचं अंगण आहे का हे?" लोक पाय आखडून घेत. मग ती आतल्या जिन्याने खाली तळघरात उतरे, दप्तरखान्याचं कुलूप उघडे, आणि संध्याकाळपर्यंत तिथून फक्त तिचा आवाज वर येई.

कोर्टात चालू असलेल्या प्रत्येक दाव्याची फाईल तिच्या ताब्यात. रोज सकाळी त्या त्या तारखेच्या फायली ढकलगाडीत घालून शिपाई वर नेई, संध्याकाळी परत आणी. पानं सुटली, नवा कागद लागला, की ती फाईल शिवायची. त्यासाठी तिच्याकडे वीतभर लांबीचं दाभण होतं आणि मेण लावलेला जाड दोरा. सगळं कोर्ट तिला मागून दाभणबाई म्हणायचं. हे नाव सुईवरून पडलं असं नवे लोक समजत. जुने लोक नुसते हसत.

तिच्या तोंडाला कोणी लागत नसे. एखादा म्हातारा खाली येऊन विचारी, "बाई, माझी फाईल कुठे अडलीय जरा बघता का?" तर ही चष्म्यावरून बघून म्हणे, "तारीख कधीची?" "पुढच्या महिन्याची." "मग पुढच्या महिन्यात या. आदेशाशिवाय फाईल उघडत नाही मी. तुमच्यासाठी नाही, तुमच्या वकिलासाठी नाही, आणि आकाशातून कोणी उतरला तर त्याच्यासाठीही नाही." हे वाक्य तिने किती हजार माणसांना ऐकवलं असेल याचा हिशेब नाही. पण एक मात्र खरं. एकतीस वर्षांत तिच्या हातून एक पान हरवलं नाही आणि तिने कोणाकडून चहाचा कपसुद्धा घेतला नाही.

असल्या बाईचा स्वतःचाच दावा त्याच कोर्टात पडलेला होता. तोही चौदा वर्षं.

घर सासूचं. पुढे दोन खोल्या, मागे एक. नवरा गेल्यावर ती मागच्या खोलीत राहिली आणि सासूचं सगळं तिनेच केलं. धाकटा दीर पुढच्या दोन खोल्यांत बायकोमुलांसह राहायचा. एके दिवशी तो म्हणाला, "वहिनी, मागची खोली मला लागणार आहे." त्या दिवसापासून घराचं जे व्हायचं ते झालं. पॅसेजमधला दिवा कोणी लावायचा यावरून भांडण, चपला कुठे काढायच्या यावरून भांडण. शेवटी ती तिरमिरीत खोली आपल्या नावाची ठरवून घ्यायला दावा गुदरायला गेली, आणि खिडकीपाशी रांगेत बघते तर मागे दीर उभा, हातात हिला बाहेर काढण्याचा दावा. त्यामुळे दोघांना लागोपाठ नंबर मिळाले. तिचा दोनशे चौदा, त्याचा दोनशे पंधरा.

तेव्हाच्या न्यायाधीशांनी दोन्ही दावे एकत्र चालवायचे आणि पुरावा एकदाच, दोनशे चौदामध्ये नोंदवायचा असा आदेश दिला. सासूची जबानी घ्यायला कोर्टाचा माणूस घरी आला. म्हातारी अंथरुणाला खिळलेली. ही पाण्याचा पेला धरून उशाशी, दीर खाटेच्या पायथ्याशी. म्हातारीने सांगितलं, मागची खोली मी थोरल्या सुनेला दिली. कोर्टाच्या माणसाने विचारलं, का? म्हातारी म्हणाली, "तोंडाने वाईट आहे ती. पण माझं केलं तिनेच." कोर्टाच्या माणसाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. पान एकतीस. बावीस वर्षांच्या संसारात सासूने तिच्याबद्दल काढलेला हा एवढा एकच चांगला शब्द, आणि तोही परक्या माणसापाशी. दोन महिन्यांनी म्हातारी गेली. तो कागद मात्र राहिला.

आता गंमत अशी, की ज्याचा दावा आहे त्याने आपल्या फाईलला हात लावायचा नाही. हा नियम तिलाही ठाऊक होता आणि दावे दाखल झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोन्ही फायली स्वतःच वर नेऊन देणार होती. पण अधीक्षकांना दम निघेना. हे अधीक्षक म्हणजे कचेरीचे मुख्य, चालताना किल्ल्या वाजवणारे आणि कागदावर रेघ सरळ आली नाही तर जेवण न जाणारे. ते आदल्या दुपारीच दोन शिपाई घेऊन तळघरात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, त्या दोन फायली द्या. माणसाच्या हाताचा भरवसा नसतो."

तिने फायली टेबलावर आपटल्या. त्या दिवसापासून ती त्या माणसाशी बोलली नाही. फायली वर त्यांच्या लोखंडी कपाटात गेल्या, किल्ली त्यांच्या जुडग्यात गेली, आणि पुढची चौदा वर्षं तळघर आणि वरची कचेरी यांचा कारभार चिठ्ठ्यांवर चालला. शिपाई वरखाली करून दमायचा.

"तळघरातला पंखा बंद आहे."

"दुरुस्तीसाठी रीतसर अर्ज करावा."

"अर्ज गेल्या वर्षी केला. आपण तेव्हा रजेवर होता. आताही असल्यासारखेच आहात."

असल्या चिठ्ठ्या अधीक्षक एका फाईलमध्ये लावून ठेवत. तारीखवार.

आणि मग नवीन कोर्टांचं आलं. वरच्या लोकांनी मोजदाद केली, एका कोर्टात अकरा हजार दावे तुंबलेत असं निघालं, आणि हुकूम आला, की एकाची तीन कोर्टं करा. कागदाच्या गोदामात दुसरं कोर्ट, वकिलांच्या उपाहारगृहात तिसरं. तीन आठवड्यांत उभी करा. सगळ्यांना आनंद झाला. वकिलांना झाला, शिपायांना झाला, पायरीवरच्या म्हाताऱ्यांनाही झाला. फक्त तळघरातून आवाज आला, "खुर्च्या वाढवल्या की निकाल वाढतात होय? मग बाकं वाढवा, पक्षकारच एकमेकांचा निकाल लावतील."

तिची चीड खोटी नव्हती. अकरा हजार फायली तीन कोर्टांत वाटायच्या होत्या आणि कशा वाटायच्या हे कोणी तिला विचारलं नव्हतं. अधीक्षकांची चिठ्ठी खाली आली, वर्षाप्रमाणे वाटा. तिची चिठ्ठी वर गेली, तिचे घोडे, म्हणजे फायलींच्या मांडण्या, नंबराच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे लावलेत, वर्षाप्रमाणे वाटायचं तर अधीक्षकांनी स्वतः खाली येऊन अकरा हजार फायली काढाव्यात, शिडी देण्यात येईल. चार दिवस चिठ्ठ्या चालल्या. शेवटी तिचंच झालं, कारण तिच्याशिवाय फाईल सापडत नव्हती कोणाला. शेवटी एक ते चार आकडा असेल तो दावा जुन्या कोर्टात, पाच ते सात दुसऱ्यात, उरलेले तिसऱ्यात. ती दिवसभर खुशीत होती. शिपायाला तिने बस म्हटलं, तेव्हा तो घाबरला.

यात एक मेख होती आणि ती तिला एकटीलाच ठाऊक होती. एकत्र चालणारे दावे, ज्यांना ती जुळी म्हणायची, त्यांचा पुरावा एकाच फाईलमध्ये असतो. दुसरी फाईल पोकळ. आकड्याप्रमाणे वाटलं की जुळ्यांची ताटातूट व्हायची. म्हणून तिने तीन आठवडे मान वर न करता एकेक फाईल चाळली, दोनशे सहा जुळी शोधली आणि प्रत्येक जोडी एकत्र शिवून शेवटी आपली गाठ मारली. तिची गाठ दुहेरी, दोऱ्याचं टोक पोटात घेतलेली. ती दुसऱ्या कोणाला येत नसे आणि सुऱ्याशिवाय सुटत नसे.

वकिलांचे कारकून तरी कसले बिलंदर. जुळी वेगळी होत नाहीत असं कळताच, हवं ते कोर्ट मिळावं म्हणून त्यांनी कसल्याही दोन फायली नाडीने, रिबिनीने बांधायला सुरुवात केली. दोन दिवसांत तिने अशा नऊ जोड्या पकडल्या. तिचं डोकं फिरलं. तिने नव्या कोर्टांच्या कारकुनांना मोठ्या अक्षरात चिठ्ठी पाठवली.

"माझी गाठ नसलेली कोणतीही जोडी जोडी समजू नये. सोडून नंबराप्रमाणे वेगळी करावी. विचारायला खाली येऊ नये."

खाली सही, सहीखाली दोन रेघा.

वरच्या कपाटातली आपली दोन तिला आठवली नाहीत असं नाही. चांगली आठवली. फायली जायच्या आदल्या दुपारी तिने कागद पुढे ओढला आणि लिहिलं, "आपल्या कपाटातील २१४ व २१५ ही जुळी आहेत." एवढं लिहून थांबली. या माणसाला विनंती करायची? ज्याने चारचौघांत आपला हात चोराचा ठरवला, त्याला? आणि एवढा अधीक्षक म्हणवतो, त्याला दिसत नाही का? तिने कागद फाडला आणि टोपलीत टाकला. नाकावर माशी बसू दिली नाही.

दुसऱ्या महिन्यात दिराच्या दाव्याची तारीख निघाली. दुसरं कोर्ट. पूर्वीच्या गोदामाला नवा रंग दिलेला, प्लायवूडच्या भिंती, बाहेर फळा आणि फळ्यावर रोजच्या निकालांचा आकडा. नवे न्यायाधीश वयाने लहान, बोलायला सभ्य, आणि घाईत. जुने दावे तीन महिन्यांत संपवायचे असा वरून धोशा होता. दीर वकिलासह पुढे बसला होता. हिने वकील कधी केलाच नव्हता. वकील म्हणजे भाड्याने बोलणारं तोंड, आणि तोंडाची टंचाई तिच्याकडे नव्हती.

पुकारा झाला, ती उभी राहिली.

"तुमचा पुरावा?" न्यायाधीशांनी फाईलची पानं उलटत विचारलं. पानं फार नव्हती.

"दोनशे चौदामध्ये, साहेब. जुळी आहेत ती."

"दोनशे चौदा कुठे आहे?"

तिने टेबलावरची फाईल पाहिली. एकटी होती.

"जुन्या कोर्टात असेल," ती म्हणाली.

"एकत्र चालवायचा आदेश?"

"तोही त्यातच."

न्यायाधीशांनी दिराच्या वकिलाकडे पाहिलं. वकील म्हणाला, "मी या प्रकरणात नवीन आहे, मला कल्पना नाही." दीर छताकडे बघत होता. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसता पंखा होता, तोही बंद.

"भाऊजी," ती भर कोर्टात म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही खाटेच्या पायथ्याशी उभे होतात."

"कोर्टाशी बोला, बाई," न्यायाधीश म्हणाले. "हा दावा चौदा वर्षं जुना आहे. चार वाजेपर्यंत आदेशानिशी ती फाईल आणा. नाहीतर समोर आहे त्यावर मी निकाल देणार."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. ती जिना चढून अधीक्षकांच्या दारात उभी राहिली. कचेरीतले सगळे टंकलेखक थांबले. अधीक्षक रेघ मारत होते, त्यांची पट्टी तिथेच राहिली.

"दोनशे चौदा द्या," ती म्हणाली. चौदा वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि त्यातही 'कृपया' नव्हतं. "तुम्ही ताटातूट केलीत माझ्या फायलींची. सूडच घ्यायचा होता तर सरळ तोंडावर घ्यायचा."

अधीक्षक लाल झाले. "मी ताटातूट केली? मी बांधली होती! माझ्या हाताने. दोन्ही फायली एकत्र, सुतळीने, तीन वेढे देऊन. वर कागद लावला होता, जोडी आहे म्हणून, आणि दुसऱ्या कोर्टाकडे धाडली होती."

"मग सोडली कोणी?"

त्यांनी खणातून चिठ्ठ्यांची फाईल काढली, शेवटचं पान उघडलं आणि तिच्यापुढे सरकवलं. दुसऱ्या कोर्टाच्या कारकुनाने सुतळी कापून दोनशे चौदा परत पाठवली होती आणि सोबत कारण म्हणून तिची चिठ्ठी जोडली होती. माझी गाठ नसलेली कोणतीही जोडी जोडी समजू नये. सही. सहीखाली दोन रेघा.

"मी त्याला विचारलं," अधीक्षक म्हणाले. "तो म्हणाला, बाईंचा लेखी हुकूम आहे, आणि खाली विचारायला जायचं नाही असंही लिहिलंय. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुमच्याच हुकमाने झालंय ना."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही मला सांगितलंत का?"

ती त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर न विचारता बसली आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला. सगळी कचेरी बघत होती, आणि बघतेय याचा तिला राग येत होता.

जुन्या कोर्टाचे न्यायाधीश सोमवारपर्यंत प्रशिक्षणाला गेले होते. त्यांच्या सहीशिवाय त्यांची फाईल दुसऱ्या कोर्टात जात नाही. अधीक्षकांनी घड्याळ पाहिलं, पट्टी बाजूला ठेवली, कपाट उघडलं आणि दोनशे चौदा काखेत मारून निघाले. ज्या माणसाने जन्मात सहीशिवाय टाचणीसुद्धा दिली नव्हती, तो किल्ल्या वाजवत दुसऱ्या कोर्टात शिरला आणि मागून ती.

न्यायाधीशांनी फाईलकडे पाहिलं, हात लावला नाही.

"आदेश?"

"साहेब बाहेरगावी आहेत. सोमवारी मिळेल."

"मग मी ही उघडू शकत नाही. दुसऱ्या कोर्टाची फाईल आदेशाशिवाय उघडायची नाही, हे तुम्हाला मी सांगायचं?"

"साहेब, फक्त पान एकतीस बघा," ती म्हणाली.

"आदेशाशिवाय नाही, बाई. कोणासाठीच नाही."

हे वाक्य ती ओळखत होती. साडेचारला निकाल झाला. साठ दिवसांत खोली रिकामी करून द्यावी. बाहेर शिपायाने फळ्यावरचा आकडा पुसून एकाने वाढवला.

पायऱ्यांवर दीर भेटला. "वहिनी, साठ दिवस आहेत. सामान हळूहळू काढा, घाई नाही."

"तुमच्या आईने पाणी माझ्या हातचं प्यायलं, भाऊजी. तुमच्या हातचं मागितलंही नाही. हे कागदावर नसलं तरी तुम्हाला माहीत आहे." एवढं बोलून ती घरी न जाता परत आत गेली, कारण घरी जायचं म्हणजे त्याच पॅसेजमधून जायचं होतं.

सोमवारी जुन्या कोर्टाच्या न्यायाधीशांनी दोन मिनिटांत सही केली. वरातीमागून घोडं. आता अपील तेवढं उरलं, तेही तीस दिवसांत, आणि अपिलाला दोन्ही फायली एकत्र वरच्या कोर्टात जायला हव्यात. तिकडेही दावे तुंबलेत आणि तिकडेही आता नवीन कोर्टं काढणार आहेत, असं शिपाई म्हणाला. त्याला तिने हाकलून दिलं.

दुपारी अधीक्षक स्वतः तळघरात उतरले. चौदा वर्षांनी. दोन्ही फायली टेबलावर ठेवून म्हणाले, "शिवा. या वेळी तुमचीच गाठ हवी, नाहीतर वर पुन्हा कोणीतरी कापेल."

"माझा हात लागायचा नाही त्यांना."

"आता निकाल झालाय."

"अपील आहे. नियम तुम्हीच शिकवला होतात. माणसाच्या हाताचा भरवसा नसतो."

अधीक्षकांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मग म्हणाले, "ते मी चारचौघांत बोलायला नको होतं." आणि स्टूल ओढून बसले. "गाठ दाखवा. मी शिवतो."

तिने रद्दीतले कोरे कागद घेतले आणि टेबलाच्या आपल्या बाजूला शिवायला लागली. पलीकडे अधीक्षक तिचं बघून फाईल शिवायला लागले. दाभण एकच होतं. ती एक टाका घालून ते त्यांच्याकडे सरकवी, ते टाका घालून परत सरकवत. त्यांच्या बोटात दोनदा टोचलं.

"वाकडं गेलं. उसवा."

"थोडं चालतं."

"माझ्या दप्तरखान्यात चालत नाही. उसवा म्हटलं ना?"

त्यांनी उसवलं. पानं मोजत पुन्हा सुरुवात केली. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. एकतीसवर त्यांची नजर थांबली. त्यांनी ते पान वाचलं, चष्मा वर केला आणि परत वाचलं.

"तोंडाने वाईट, हे तर बरोबरच लिहिलंय," ते म्हणाले. मग पानावर बोट ठेवून, "पुढचं वाचून दाखवू का?"

"मला पाठ आहे," ती म्हणाली. "टाका घाला."